डावीकडे नवं

दालबाजारात, आडतीच्या माडीवर
यंत्र आलं तेव्हा मुनीमजींनी
आधी त्याला हळदीचं बोट टेकवलं,
मग धोतराच्या सोग्यानं पुसून घेतलं.
खालून तुरीचा भुसा उडत यायचा.
मी फ्लॉप्या जुन्या पोलक्याच्या कापडात गुंडाळून ठेवी.

हिरवा ए, पुढे टोकदार कंस,
आणि लुकलुकणारी रिकामी जागा: बोल.

बोलायचं कुठल्या भाषेत?
पिप म्हणजे नक्कल काढ, स्टॅट म्हणजे जागा किती ते सांग.
मुनीमजी रामसनेही, वय बासष्ट,
अख्ख्या लष्करची उधारी तोंडपाठ,
पण पिप म्हटलं की हसत सुटायचे:
"ये तो चूज़े की आवाज़ है, बाई."

म्हणून पुस्तिका उलगडून बसले. सापडलं.
रेन नकल.कॉम=पिप.कॉम
नवं डावीकडे, जुनं उजवीकडे.
उलटं वाटलं मला, तीनदा वाचलं.
नाव आठ अक्षरांत बसवायचं. बसलं.
स्टॅटचं झालं जगह.
सकाळच्या पाच आज्ञा एका फायलीत लिहून
त्या फायलीला म्हटलं रोकड;
घरी सासूबाई नुसतं "अहो" म्हणतात
आणि त्यात पिशवी, छत्री, पाव किलो गजक,
मागच्या दाराची कडी, सगळं येतं,
तसं.

माघात दिल्लीहून इंजिनियर आला,
अंगात दोन स्वेटर. उभ्यानंच पिप लिहिलं.
यंत्र म्हणालं:
पिप?
एवढंच. रागावत नाही ते,
तुमचं नाव तुम्हाला परत देतं, प्रश्नचिन्ह लावून.
त्यानं पुन्हा लिहिलं.
पिप?
कोणी उडवलं, म्हणाला.
उडवलं नाही हो. आहे. तेच आहे,
आत एक बिंदूही हललेला नाही,
नुसतं नाव…
त्यानं चष्मा पुसला. नाव बदलू नये, म्हणाला,
नव्या नावानं नक्कल काढावी. मग दोन्ही चालतात.
आठ के जागा जाते, इतकंच.

इतकंच.
पण फ्लॉपी भरलेली होती, आणि राहून गेलं.

फाल्गुनात एकदा वजनाच्या पावत्या घेऊन वर आले
तर मुनीमजी पानाला चुना लावत होते.
सागरहून ट्रंक कॉल होता, म्हणाले,
कुणी सुलभा आपटे मागत होतं.
"मैंने कह दिया, इस नाम की कोई नहीं यहाँ."

सागरला माझा भाऊ असतो.

लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं
मृणालिनी कोरलं होतं,
सगळ्यांनी वाकून वाचलं, पेढे वाटले.
जुनं नाव कुठे लिहिलेलंच नव्हतं,
त्यामुळे कुणी पुसलं असंही म्हणता येत नाही.
तांदूळ परत डब्यात गेले,
त्यांचा दोन दिवसांत भात झाला असेल.
तारेच्या त्या टोकाला दादा म्हणाला असेल, सुलभा?
आणि थोडं थांबून ठेवला असेल फोन.

लाइन लागायला दोन तास गेले.
अण्णांची शुद्ध अजून होती.

रात्रीची गाडी होती. त्याआधी बसून
गेल्या वर्षीच्या मसुराच्या याद्या पुसल्या,
जागा झाली. लिहिलं:
नकल पिप.कॉम=नकल.कॉम
या खेपेला डावीकडे जुनं नाव होतं.
ड्राइव्ह करकरला, बराच वेळ,
आणि परत तो ए, तो कंस.
पिप लिहून पाहिलं. प्रश्न आला नाही.

तेराव्यानंतर परतले तेव्हा
मुनीमजी लाल शाईची दौत घेऊन फोनपाशी उभे,
भिंतीवर कोरा कागद डकवलेला.
कुठलं नाव डावीकडे, विचारलं त्यांनी,
उजवीकडे कुठलं?
एकाखाली एक लिहा, म्हटलं.
त्यांनी लिहिलं, सावकाश, फुंकर घालत,
आणि सगळ्यात खाली, न विचारता:
बाई.